जपानी शब्द पाठ करताना इंग्रजी अर्थाचं काय करायचं?

जपानी शिकायला बसलेल्या मराठी माणसासमोर पहिल्या दिवसापासून जे येतं ते इंग्रजी अर्थासकटच येतं. पाठ्यपुस्तकाच्या मागची शब्दसूची घ्या, फोनवरचं ॲप घ्या, परीक्षेच्या तयारीची पीडीएफ घ्या. एका बाजूला जपानी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आज बरीचशी मोफत ॲप ज्या शब्दकोशावर चालतात, त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचे जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये केली, आणि तोही मुळात जपानी-इंग्रजीच. काम प्रचंड मोठं आहे, त्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही.

पण इंग्रजी अर्थ जसाच्या तसा वहीत उतरवला की फसायला होतं. माझा आग्रह असा, की इंग्रजी अर्थ वाचावा, त्यावरून तो शब्द जपानी माणूस कुठे वापरतो ते शोधावं आणि वहीत मराठी लिहावं. वाक्याची घडण, नात्यांची नावं, क्रियापदांच्या जोड्या, नादानुकारी शब्द यांत मराठी जपानीच्या इतकी जवळ जाते, की मध्ये इंग्रजी आणल्यानेच सोपी गोष्ट अवघड होते. काही ठिकाणी मराठीही दगा देते, ते शेवटी पाहू.

पहिली पायरी: आधी आवाज

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिप्या, दोन्हींना मिळून काना म्हणतात. हिरागानाची मूळ अक्षरं ४६, काताकानाचीही तेवढीच. ती येईपर्यंत शब्दांच्या मागे लागू नका. रोमन लिपीत पाठांतर तर नकोच, कारण रोमन अक्षरं दिसली की जीभ आपोआप इंग्रजी वळणावर जाते.

अक्षरांचा क्रम पाठ करायला मराठी माणसाला फार कष्ट नाहीत. स्वर आ इ उ ए ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतं, कारण हा क्रम संस्कृत वर्णमालेवरूनच आलाय. सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी तो जपानमध्ये रुजवला. सा ची ओळ आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि हा ची प-वर्गाच्या जागी. जुन्या जपानीत हा चा उच्चार प सारखा होता. एवढं लक्षात ठेवलं की छापील जपानी कोशात शब्द शोधताना हात अडखळत नाही.

सुरुवातीला उच्चार देवनागरीत टिपायला माझी हरकत नाही, फक्त त्याचे नियम आधी ठरवून घ्या. जपानीत स्वराची लांबी बदलली की शब्दच बदलतो. ओबासान म्हणजे काकू किंवा मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी. युकि म्हणजे बर्फ, युऽकि म्हणजे धैर्य. बिरु म्हणजे इमारत, बिऽरु म्हणजे बिअर. लांबवलेल्या स्वरासाठी अवग्रह वापरणं मला सोयीचं वाटतं आणि या लेखातही तेच केलंय. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ लिहायची सवय असते. जपानी शब्द टिपताना ती मोडावी लागते, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घाचा सगळा हिशोब चुकतो. दुसरी गोष्ट जोडाक्षराची. किते म्हणजे ‘ये’ आणि कित्ते म्हणजे टपालाचं तिकीट. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा द्वित्त ऐकू यायला बराच काळ लागतो. पत्ता, कच्चा, हट्ट म्हणणाऱ्याला लगेच येतो.

त्सु हे अक्षर पाहून घाबरायचं कारण नाही. ‘चमचा’ मधला च उकार लावून म्हणा, काम होतं. चि मात्र ‘चहा’ मधल्या च चा. आणि शब्दाच्या शेवटचा सु बऱ्याचदा अर्धाच उरतो, म्हणून देसु हे ऐकताना ‘देस’ असं येतं.

दुसरी पायरी: शब्दांचे तीन गठ्ठे

सुरुवातीची यादी कुठलीही घ्या. जपानी भाषा प्राविण्य परीक्षेच्या, म्हणजे जेएलपीटीच्या, सर्वांत खालच्या एन-५ पातळीची यादी सोयीची पडते. या परीक्षेच्या सध्याच्या पाच पातळ्या २०१० पासूनच्या आहेत आणि तेव्हापासून अधिकृत शब्दसूची जाहीर होत नाही. बाजारात फिरतात त्या याद्या अंदाजाने केलेल्या. त्याआधीच्या परीक्षेत सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ८०० शब्द आणि १०० कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, धरल्या होत्या, तोच आकडा अजून कामाला येतो. आपल्याकडे पुणे आणि मुंबई या केंद्रांवर जुलै आणि डिसेंबरमध्ये परीक्षा होते. पर्याय निवडायची परीक्षा आहे, बोलून दाखवावं लागत नाही. म्हणून केवळ परीक्षेपुरती यादी पाठ केलेली माणसं मधली एन-३ पातळी पास होऊनही दुकानात गप्प उभी राहतात.

यादी हातात आली की प्रत्येक शब्दाला तीनपैकी एक खूण करा. अस्सल जपानी शब्द म्हणजे वागो, चिनीतून आलेले कांगो आणि पाश्चात्त्य भाषांतून आलेले गाइराइगो. मराठी व्याकरणात तद्भव, तत्सम आणि परभाषीय शिकलेल्याला ही विभागणी नव्याने समजावावी लागत नाही. वागो घरातले, स्वयंपाकघरातले, भावनेचे. कांगो कार्यालयातले, वर्तमानपत्रातले, शास्त्रातले. तिन्ही गठ्ठे वेगवेगळ्या पद्धतीने पाठ करायचे आहेत, म्हणून ही खूण.

गाइराइगो सर्वांत सोपे वाटतात आणि म्हणूनच जपून घ्यावे लागतात. काताकानात लिहिलेला शब्द मोठ्याने वाचला की आतला इंग्रजी शब्द दिसतो, पण त्याचा अर्थ तोच असेल याची खात्री नाही. मान्शोन म्हणजे हवेली नाही, साधा सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीतला फ्लॅट. कोन्सेन्तो म्हणजे भिंतीवरचं प्लगचं सॉकेट. साऽबिसु म्हणजे बऱ्याचदा ‘फुकट, आमच्याकडून’. कान्निंगु म्हणजे परीक्षेतली कॉपी. सुमाऽतो म्हणजे सडपातळ. होऽमु हे घरही असतं आणि रेल्वेचा फलाटही. लांब शब्दांची कापाकापीही भरपूर: पासोकोन, रिमोकोन, कोन्बिनि म्हणजे पर्सनल कॉम्प्युटर, रिमोट कंट्रोल आणि कन्व्हीनियन्स स्टोअर. या गठ्ठ्यात इंग्रजीखेरीजही बरंच आहे. आरुबाइतो, म्हणजे शिकता शिकता केलेली अर्धवेळ नोकरी, हा जर्मन. आणि पान, म्हणजे पाव, हा पोर्तुगीज. आपला पावही त्याच पोर्तुगीज शब्दातून आला. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले, आणि गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले. पाव दोन्हीकडे पोर्तुगीजांनीच पोचवला.

तिसरी पायरी: कोशातली नोंद पूर्ण वाचा

कोशात शब्द शोधला, पहिला अर्थ उचलला, पुढे गेलो, ही सवय आधी सोडा. नोंदीच्या आधी जी बारीक अक्षरं असतात ती महत्त्वाची: क्रियापद सकर्मक की अकर्मक, शब्द आदरार्थी की नम्र, कांजीत लिहितात की नुसत्या काना लिपीत, जुना झालाय की चालू आहे. त्यानंतर अर्थांची क्रमवार यादी. आणि त्यानंतर उदाहरणाची वाक्यं, तीच तुमची खरी शिदोरी.

काही शब्द घेऊन पाहू. इंग्रजीत ‘राइस’ एकच. जपानीत शेतात उभं पीक ते इने, सोललेले दाणे ते कोमे, शिजून वाढलेला तो गोहान, आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या ताटलीत आला तर राइसु. आपल्याकडे भाताचं पीक, तांदूळ आणि पानातला भात. इंग्रजी अर्थ लिहून चार जपानी शब्द एकाच ओळीत कोंबण्यापेक्षा कोमेसमोर ‘तांदूळ’ आणि गोहानसमोर ‘भात’ लिहा. दुकानात गोहान आणि ताटात कोमे मागायची वेळ येणार नाही. गोहान म्हणजे जेवण असाही अर्थ होतो, तेही कोकणात कुणाला वेगळं सांगायला नको.

‘कोल्ड’ ला दोन शब्द: हवा थंड असेल तर सामुइ, हाताला गार लागलं तर त्सुमेताइ. सामुइसमोर ‘थंडी वाजतेय’ आणि त्सुमेताइसमोर ‘गार’ लिहा. घालण्याच्या क्रियापदांचंही असंच. अंगातलं किरु, कमरेखालचं आणि पायातलं हाकु, डोक्यावरचं काबुरु, अंगठी आणि हातमोजे हामेरु, चष्मा काकेरु. इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द, त्यामुळे तिकडून आलेल्याला हा छळ वाटतो. लुगडं नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, चष्मा लावतात आणि बांगड्या भरतात, हे जिच्या घरात रोज बोललं जातं तिला यात नवल कसलं?

नात्यांत तर इंग्रजी पूर्ण आंधळी. थोरली बहीण आने, धाकटी इमोऽतो; थोरला भाऊ आनि, धाकटा ओतोऽतो. ताई आणि दादा आपल्याकडे आहेतच. वर एक जास्तीची पायरी अशी, की स्वतःच्या घरच्यांबद्दल बाहेर बोलताना हे साधे शब्द आणि दुसऱ्याच्या घरच्यांसाठी ओनेऽसान, ओनिऽसान असे मानाचे. अनोळखी माणसाला नात्याने हाक मारण्याची रीत दोन्हीकडे आहे, आणि तिशीतल्या बाईला ओबासान म्हटल्यावर तिचा चेहरा जसा होतो, तो ‘काकू’ म्हटल्यावर होतो तसाच.

शरीर आणि दिवस यांतही आपली सोय आहे. आशि म्हणजे पाय, अख्खा पाय आणि पाऊल दोन्ही. युबि म्हणजे बोट, हाताचंही आणि पायाचंही. परवा येणारा दिवस आसात्ते, होऊन गेलेला ओतोतोइ. आपण दोन्हीला परवाच म्हणतो, म्हणून पाठांतराच्या कार्डावर ‘येता परवा’ आणि ‘गेला परवा’ असं फोडून लिहा. आसात्तेच्या पुढचा शिआसात्ते, म्हणजे तेरवा.

चौथी पायरी: क्रियापद एकटं कधीच टिपू नका

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. क्रियापद नेहमी त्याच्या नामासकट आणि मधल्या प्रत्ययासकट लिहायचं. ‘भेटणे’ म्हणजे आउ, एवढं लिहून भागत नाही. ‘हितो नि आउ’ लिहा. इंग्रजीच्या वाटेने गेलेला इथे हमखास कर्माचा ओ हा प्रत्यय लावतो. मराठीत आपण माणसाला भेटतो, आणि नि हा इथे तो ‘ला’ च. तसंच ‘आवडणे’. साकाना गा सुकि, म्हणजे मासे आवडतात. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. जपानीत आणि मराठीत गोष्ट पुढे येते आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला थांबतो. समजणे, येणे, हवं असणे, लागणे ही सगळी याच चालीची. निहोंगो गा वाकारु: जपानी समजतं. मिझु गा होशिइ: पाणी हवं. ओकाने गा इरु: पैसे लागतात. यांच्यासमोर इंग्रजी वाक्य लिहिलंत तर गा हा प्रत्यय कुठून आला हे महिनाभर कळणार नाही.

मग जोड्या. जपानीत अकर्मक-सकर्मक क्रियापदांच्या शेकडो जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडी एकाच कार्डावर जायला हवी. ओचिरु-ओतोसु: पडणे-पाडणे. वारेरु-वारु: फुटणे-फोडणे. मोएरु-मोयासु: जळणे-जाळणे. तोमारु-तोमेरु: थांबणे-थांबवणे. कावाकु-कावाकासु: सुकणे-सुकवणे. इंग्रजी कोशात यांतल्या बऱ्याच जोड्यांना दोन्हीकडे एकच शब्द असतो आणि फरक त्या बारीक अक्षरांत लपतो. मराठी लिहिलं की कंस वाचायचीही गरज उरत नाही. मराठी गप्प बसते ती ‘उघडणे’ सारख्या ठिकाणी: दार उघडलं आणि दार उघडलं. तिथे आकु समोर ‘दार आपणहून उघडणे’ आणि आकेरु समोर ‘मी दार उघडणे’ असं सविस्तर लिहा.

आता काकेरु. इंग्रजी कोशात या एका शब्दाखाली अर्थांची अशी रांग लागते, की नवशिक्या पान बंद करतो. चष्मा काकेरु, फोन काकेरु, कुलूप काकेरु, गाणी काकेरु. हे वाक्य पुन्हा एकदा ‘लावणे’ घालून वाचा. चष्मा लावणे, फोन लावणे, कुलूप लावणे, गाणी लावणे. त्याचं अकर्मक रूप काकारु: जिकान गा काकारु म्हणजे वेळ लागतो, ओकाने गा काकारु म्हणजे पैसे लागतात. लावणे-लागणे ही जोडी जशीच्या तशी उतरली. सगळीकडे उतरत नाही, हेही खरं. मीठ काकेरु म्हणजे वरून मीठ भुरभुरणे, पांघरूण काकेरु म्हणजे घालणे, इस्त्री काकेरु म्हणजे करणे, आणि मेइवाकु ओ काकेरु म्हणजे त्रास देणे. दिव्याला मात्र आपण लावणेच म्हणतो, पण जपानीत तिथे त्सुकेरु येतं. म्हणून काकेरुचं एक कार्ड करू नका. प्रत्येक नामाचं वेगळं कार्ड, आणि त्यांतली ‘लावणे’ वाली आधी.

चौथ्या पायरीतला शेवटचा भाग म्हणजे संयुक्त क्रियापदं. ताबेते मिरु: खाऊन पाहणे. मिरु म्हणजे पाहणेच. कात्ते ओकु: विकत घेऊन ठेवणे. ओकु म्हणजे ठेवणेच. मोत्ते इकु, मोत्ते कुरु: घेऊन जाणे, घेऊन येणे. ताबेते शिमाउ: खाऊन टाकणे, इथे मूळ क्रियापद वेगळं आहे, पण कृत्य संपलं आणि थोडी हळहळही आहे हा भाव तोच. कामि ओ कित्ते मोराउ म्हणजे केस कापून घेणे. इंग्रजी पुस्तकं यातल्या प्रत्येकाला एकेक धडा देतात. मराठी माणसाने धडा वाचावा, पण सरावाची वाक्यं मराठीतून जपानीत करावीत. देण्या-घेण्यात एक गोष्ट मात्र नव्याने शिकावी लागते: मी दुसऱ्याला देतो ते आगेरु, दुसरा मला किंवा माझ्या माणसांना देतो ते कुरेरु. मराठीत दोन्ही ‘देणे’ च, तेव्हा कार्डावर कोण कुणाला देतंय ते बाण काढून दाखवा.

पाचवी पायरी: कांजी कुटुंबाने घ्या

रोजच्या वापराच्या कांजींची सरकारी यादी २०१० पासून २,१३६ अक्षरांची आहे. ती सुटी सुटी घोकणारे फार पुढे गेलेले मी पाहिलेले नाहीत. अक्षराला दोन तऱ्हेचे उच्चार असतात, एक अस्सल जपानी आणि एक चिनीवरून आलेला, आणि कुठे कोणता याची धास्ती सगळ्यांना असते. पाण्याचं अक्षर घ्या. एकटं आलं तर मिझु. जोडशब्दात सुइ. पोहणे हा खेळ म्हणून सुइएइ, नळाच्या पाण्याची व्यवस्था सुइदोऽ. आपण पेल्यातून पाणी पितो, पण स्पर्धा जलतरणाची असते आणि जमिनीखालून जाते ती जलवाहिनी. हात आणि हस्तांदोलन हेही तसंच: ते म्हणजे हात, आकुशु म्हणजे हस्तांदोलन. आगीला हि, पण ज्वालामुखी काझान, अग्नी आणि पर्वत. एकटा शब्द घरगुती आणि जोडशब्द भारदस्त, हा बहुतेक ठिकाणी चालणारा ठोकताळा आपल्याला फुकट मिळालेला आहे. अपवाद आहेत, ते भेटतील तेव्हा भेटतील.

म्हणून एक कांजी घेतली की तिचे तीन-चार जोडशब्द सोबत घ्या. ब्योऽ म्हणजे आजार: ब्योऽकि आजार, ब्योऽनिन रुग्ण, ब्योऽइन रुग्णालय. देन म्हणजे वीज: देन्कि वीज, देन्वा फोन, देन्शा विजेवरची गाडी. आणि कांगो शब्दाच्या कार्डावर कांजी हवीच, कारण एकाच उच्चाराचे अनेक शब्द असतात. कागाकु म्हणजे विज्ञानही आणि रसायनशास्त्रही. जपानी माणसंसुद्धा गोंधळ टाळायला दुसऱ्याला बाकेगाकु म्हणतात.

संस्कृतमधून बौद्ध धर्माबरोबर गेलेले शब्दही भेटतील. सेत्सुना म्हणजे क्षण, नाराकु म्हणजे नरक, झेन म्हणजे ध्यान. पण उत्साहाच्या भरात प्रत्येक सारख्या दिसणाऱ्या शब्दाला संस्कृतचं मूळ चिकटवू नका. सेवा म्हणजे जपानीत काळजी घेणं, देखभाल. लक्षात ठेवायला आपला ‘सेवा’ उत्तम, त्यावरून नातं सिद्ध होत नाही.

नादानुकारी शब्द

याला वेगळी पायरी नको, पण दुर्लक्षही नको. जपानीत हे शब्द मोठी माणसं, बातम्या, जाहिराती सगळे वापरतात. पाऊस झाऽझाऽ कोसळतो, पोत्सुपोत्सु थेंब पडू लागतात, शितोशितो भुरभुरतो. छाती दोकिदोकि म्हणजे धडधड, चाक गुरुगुरु म्हणजे गरगर, चकचकीत ते पिकापिका, भेंडीसारखं बुळबुळीत-चिकट ते नेबानेबा. कारिकारि आणि साकुसाकु या दोघांनाही इंग्रजीत सहसा एकच शब्द भेटतो. पहिला कुरकुरीत, दुसरा खुसखुशीत. चकली आणि शंकरपाळ्यातला फरक. आणि पेरापेरा भाषा बोलणं म्हणजे घडाघडा बोलणं.

सहावी पायरी: कार्ड आणि उजळणी

कागदी कार्ड चालतात, पण शब्द काही शेकड्यांत गेले की आंकि हे मोफत सॉफ्टवेअर बरं. नावाचा अर्थच पाठांतर. विसरायच्या बेतात असताना शब्द पुन्हा समोर आणायचा, आठवला तर मधला काळ वाढवायचा, हे त्याचं तत्त्व. पुढच्या बाजूला कांजी-काना लिपीत छोटं वाक्य किंवा वाक्यखंड, मागे मराठी, त्याखाली उच्चार आणि शक्य असेल तर आवाज. इंग्रजी मागच्या बाजूला अगदी तळाशी, तेही गरज असेल तर.

गरज कधी असते? कारखान्यात आणि कार्यालयात. हिन्शित्सु कान्रि समोर ‘गुणवत्ता नियंत्रण’ लिहायचा अट्टहास मी करणार नाही, चाकणच्या शॉपफ्लोअरवर सगळे क्वालिटी कंट्रोलच म्हणतात. झाइको म्हणजे स्टॉक, नोऽकि म्हणजे डिलिव्हरीची तारीख. जो शब्द तोंडात असतो तोच कार्डावर.

रोज नवे शब्द दहाच्या वर नेऊ नका. दहा नव्यांमागे काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभरीच्या घरात जाते आणि सणासुदीचे दोन दिवस चुकले की डोंगर साचतो. डोंगर साचलाच तर नवे शब्द बंद करा आणि आधी जुने संपवा. इतरांनी बनवलेले तयार गठ्ठे उतरवून घेण्यापेक्षा स्वतः केलेलं कार्ड जास्त टिकतं, कारण अर्थ शोधताना निम्मं पाठांतर होऊन जातं.

मोठे आकडे

इथे इंग्रजी पूर्ण बाहेर ठेवा. जपानीत दहा हजारांना मान म्हणतात आणि पुढची मोजणी मानात चालते. एक लाख म्हणजे १० मान, दहा लाख म्हणजे १०० मान, एक कोटी म्हणजे १,००० मान आणि दहा कोटी म्हणजे १ ओकु. लाखावरून मिलियनवर आणि मिलियनवरून मानावर जाणारा माणूस बैठकीत एक शून्य हमखास हरवतो. उलट, ३५ मान येन ऐकलं की सरळ साडेतीन लाख म्हणा. वस्तू मोजायचे प्रत्यय, लांब वस्तूंना होन, पातळ सपाट वस्तूंना माइ, पुस्तकांना सात्सु, यांना मात्र तोडगा नाही. नामाबरोबरच पाठ करा.

तयार वाक्यं

घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो इत्ते किमासु. इंग्रजी पुस्तकात याचं काहीतरी ‘निघालो’ छापाचं भाषांतर असतं. शब्दशः अर्थ आहे जाऊन येतो, आणि घरातलं माणूस उत्तर देतं इत्ते राश्शाइ, जाऊन ये. दुकानात पिशवी हवी का विचारल्यावर दाइजोऽबु देसु म्हटलं तर ते ‘ठीक आहे’ नसतं, ‘नको, राहू दे’ असतं. आनाता समोर इंग्रजीत ‘यू’ लिहिलेलं असतं आणि म्हणून नवशिके तो समोरच्या प्रत्येकासाठी वापरतात. वरिष्ठाला किंवा शिक्षकाला तो उद्धट वाटतो. आडनावाला सान लावा किंवा शिक्षकांना सेन्सेइ म्हणा.

मराठी जिथे दगा देते

गोळी आपण घेतो, जपानी माणूस पितो: कुसुरि ओ नोमु. सर्दी आपल्याला होते, ते ओढून घेतात: काझे ओ हिकु. पाकीट आपल्या हातून पडतं, ते पाडतात: साइफु ओ ओतोसु, मुद्दाम न पाडताही. गरम पाण्याला मिझु म्हणता येत नाही, त्याला ओयु हा स्वतंत्र शब्द आहे. सिग्नलचा हिरवा दिवा आओ, जो एरवी निळा. सुकिचा पल्ला भेंडी आवडण्यापासून प्रेम असण्यापर्यंत. अशा शब्दांसाठी वहीची शेवटची पानं राखून ठेवा आणि तिथे भाषांतर न लिहिता फक्त जपानी वाक्य लिहा.

एन-३ च्या आसपास पोचलात की जपानी-जपानी कोशाकडे वळायला हरकत नाही. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठीचा कोश घ्या. त्यात व्याख्या सोप्या असतात आणि कांजीच्या डोक्यावर उच्चार छापलेला असतो. व्याख्या वाचताना एक-दोन शब्द अडले तर तेही शोधा. तिसरा अडला तर कोश मिटा, मराठी अर्थ लिहा आणि पुढच्या शब्दाकडे जा.